बाड आवरताना: लेखक आणि संपादकाने मिळून कादंबरीवर काम कसं करावं

1928 च्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या 'चार्ल्स स्क्रिब्नर्स सन्स' या प्रकाशनसंस्थेत टॉमस वुल्फ नावाच्या अनोळखी लेखकाचं बाड आलं. 1,114 टंकलिखित पानं, तीन लाखांच्या आसपास शब्द. संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी 2 जानेवारी 1929 रोजी वुल्फला पहिल्यांदा कचेरीत बोलावलं आणि 18 ऑक्टोबर 1929 ला 'लुक होमवर्ड, एंजल' या नावाने 626 पानांचं पुस्तक बाजारात आलं. दोघांची मैत्री बापलेकाच्या वळणाने गेली. पर्किन्स यांना पाच मुली होत्या आणि वुल्फचे वडील वारलेले होते, त्यामुळे चरित्रकारांना हे सांगायला आवडतं. 1937 संपेपर्यंत मात्र वुल्फ दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलेला होता.

या मैत्रीत काय चांगलं चाललं आणि कुठे बिनसलं, याची पत्रं आणि बाडं आज उपलब्ध आहेत. त्यामुळे ती शिकण्यासाठी फार सोयीची आहे. पुढची पद्धत त्या दोघांच्या आणि पर्किन्स यांच्या इतर लेखकांच्या कामावर उभी आहे. तपशील मराठी पुस्तकाच्या गरजेप्रमाणे घातले आहेत.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय

संपादकाने बाड एकदा सलग वाचावं आणि समासात काहीही लिहू नये. फक्त शेजारी एक कागद ठेवावा आणि लक्ष उडालं की पानाचा आकडा टिपावा. का उडालं ते लिहू नये. कारण पहिल्या वाचनात बहुतेक वेळा चुकीचं सुचतं: 'भाषा जड आहे' असं वाटतं, आणि खरी अडचण चाळीस पानं मागे असते.

वुल्फच्या बाडाचं हेच झालं होतं. अमेरिकन यादवी युद्धात गेटिसबर्गकडे निघालेलं सैन्य दोन मुलं रस्त्याकडेला उभी राहून पाहतात, अशी सुरुवात होती. ती पर्किन्स यांना फार आवडली. पुढे लेखकाच्या वडिलांच्या तरुणपणाचा लांबलचक भाग आला आणि त्यांचं मन उडालं. एका सहकाऱ्याने पुढचा एक प्रसंग आणून दाखवला तेव्हा ते परत बाडाकडे वळले. यातून एक नियम घ्यावा. जाड बाड नाकारण्याआधी दुसऱ्या माणसाला मधली शंभर पानं वाचायला द्यावीत, पहिली नव्हेत.

याच टप्प्यावर हिशोब करून ठेवा. डेमी आकाराच्या पानावर टाइपाप्रमाणे 250 ते 300 मराठी शब्द बसतात. म्हणजे 90,000 शब्दांची कादंबरी साधारण 300 ते 360 पानांची, 16 पानी फर्म्याने (फर्मा म्हणजे एकदम छापून दुमडला जाणारा मोठा कागद) 19 ते 23 फर्मे. वुल्फचं मूळ बाड मराठीत असतं तर हजार पानांच्या पुढे गेलं असतं. लेखकाशी बोलताना 'फार मोठं आहे' म्हणू नये. किती फर्मे होतात आणि किंमत किती येईल ते सांगावं. आकड्यावर लेखक सहसा रुसत नाही.

पत्र: आधी काय उभं राहिलं ते, मग काय नाही

दुसऱ्या वाचनानंतर लेखकाला लेखी कळवावं. फोन नको, चहावरच्या गप्पा तर नकोतच. बोलण्यातलं कौतुक विसरतं आणि टीका मात्र शब्दशः लक्षात राहते.

या पत्राचा नमुना पर्किन्स यांनीच घालून दिला आहे. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांनी 1924 च्या शरदात फ्रान्सहून 'द ग्रेट गॅट्स्बी'चं बाड पाठवलं. पर्किन्स यांनी 18 नोव्हेंबरला एक पत्र टाकलं: कादंबरी अप्रतिम आहे, शीर्षकाबद्दल मात्र इथल्या लोकांना शंका आहे. सविस्तर टिपण गेलं ते 20 नोव्हेंबरला. वाट पाहणाऱ्या लेखकाला आधी श्वास घेऊ द्यायचा आणि मग दोष सांगायचे, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही कमी संपादक करतात. महिनोन्महिने शांतता आणि मग एकदम 'साभार परत' किंवा एकदम बारा पानी टिपण, हाच रिवाज जास्त.

20 तारखेच्या पत्रात मुख्य हरकती मोजक्याच होत्या. एक, बाकीची पात्रं रस्त्यात भेटली तर ओळखता येतील, गॅट्स्बी मात्र धूसर आहे. वाचकाला तो आहे त्यापेक्षा वयाने मोठा वाटतो. दोन, त्याच्याकडे पैसा आला कुठून याचा काहीच माग लागत नाही; उघड सांगू नका, पण अधूनमधून सुगावा पेरा. तीन, त्याचा पूर्वेतिहास एका ठिकाणी गठ्ठ्याने आला आहे, तो कथेच्या ओघात थोडाथोडा पसरता येईल का? प्रत्येक हरकतीला जोडून एक शक्यता होती. उदाहरणार्थ, त्याच्या तोंडी असलेल्या लकबीच्या संबोधनासारखीच काही शारीरिक खूण देता येईल. आणि शेवटचा निर्णय लेखकावर सोडलेला.

या पत्राचा सांगाडा तसाच उचलावा:

- पहिला परिच्छेद: कोणतं पात्र, कोणता प्रसंग उभा राहिला, नावानिशी. 'एकंदरीत छान' हे वाक्य लेखकाला शिवीसारखं लागतं.
- मग हरकती, जास्तीत जास्त तीन. दहा सापडल्या असतील तर त्यातल्या सात बहुधा याच तिघींची पोरं असतात.
- प्रत्येक हरकतीला प्रकरण क्रमांक, वाचक म्हणून काय झालं, आणि एक शक्य उपाय. उपाय 'असं करता येईल का' या भाषेत.
- नवीन वाक्य लिहून देऊ नये. एकही नाही.

शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. संपादकाने नमुन्यादाखल लिहिलेला परिच्छेद लेखक दोनपैकी एका प्रकारे घेतो: तसाच चिकटवतो, मग तो ठिगळासारखा दिसतो, किंवा चिडून मुद्दाच फेटाळतो. गॅट्स्बीच्या बाबतीत हरकत नेमकी होती आणि उपाय मोकळा होता, म्हणून लेखकाला स्वतःचीच चूक सापडली. आपल्यालाही तो माणूस नीट दिसत नव्हता हे फिट्झजेराल्ड यांनी नंतरच्या पत्रात मान्य केलं आणि पत्नी झेल्डाकडून बोटं दुखेपर्यंत त्याची चित्रं काढून घेतली. मग रोममध्ये बसून गॅली प्रुफांवर (पानं पाडण्याआधीच्या लांब छापील पट्ट्यांवर) पुस्तकाचा मोठा भाग नव्याने बांधला. 10 एप्रिल 1925 ला ते प्रकाशित झालं.

लेखकासाठी इथली सूचना: पत्र आल्यावर तीन दिवस उत्तर देऊ नये. चौथ्या दिवशी प्रत्येक हरकतीपुढे 'पटली', 'दोष आहे पण उपाय वेगळा' किंवा 'नाही, कारण...' असं लिहून पाठवावं. मधला रकाना सगळ्यात उपयोगी. चांगल्या संपादकाला दुखतं कुठे ते बरोबर कळतं, औषध मात्र पुष्कळदा चुकतं.

कात्री

आता जाड बाडाचं खरं काम. कापण्याआधी प्रसंगांची यादी करावी. वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक प्रसंगाला एक ओळ: क्रमांक, पानं, शब्दसंख्या, कोण हजर आहे, प्रसंग संपताना काय बदललं. एक लाख शब्दांच्या कादंबरीत साधारण 60 ते 90 ओळी होतात. 'काय बदललं' हा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी आधी तपासायच्या. त्या सगळ्या उडवायच्या नसतात. काही प्रसंग नुसते श्वास घ्यायला लागतात. पण तीन रिकाम्या ओळी सलग आल्या की तिथे वाचक झोपतो.

मग पुस्तकाची मध्यरेषा एका वाक्यात लिहावी, लेखकाने आणि संपादकाने वेगवेगळी, आणि ताडून पाहावी. वुल्फच्या पहिल्या पुस्तकाची मध्यरेषा होती: एका मुलाच्या स्मृतीतून दिसणारं कुटुंब. ती ठरल्यावर बाकीचं आपोआप ठरत गेलं. त्या मुलाने पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं आहे, ते बाहेर. म्हणून गेटिसबर्गची ती सुंदर सुरुवातही गेली, जिच्यामुळे पर्किन्स बाडाच्या प्रेमात पडले होते. पुढे खुद्द त्यांनाच त्या निर्णयाची खंत वाटली. कापायचा मजकूर वाईटच असतो असं नाही, हे लेखकाला आधीच सांगितलं की निम्मी भांडणं टळतात.

लेखकाला एकट्याने कापायला घरी पाठवू नये. वुल्फला पाठवलं होतं; बाड परत आलं तेव्हा ते जेमतेम आठ पानांनी कमी झालेलं होतं, कारण कापलेल्या जागा सांधायला त्याने नवीन मजकूर लिहिला होता. यावर उपाय साधा आहे. दोन रकाने ठेवायचे, 'वजा' आणि 'अधिक', आणि दर बैठकीच्या शेवटी दोन्हींची बेरीज मोठ्याने वाचायची. सांधा 150 शब्दांच्या वर गेला तर तो सांधा उरत नाही, नवा प्रसंग होतो आणि त्याला यादीत स्वतःची ओळ लागते.

मात्र आकड्यांचा हट्ट कुठे सोडायचा हेही कळायला हवं. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी पर्किन्स यांनी नायकाच्या वडिलांच्या मृत्यूबद्दल थोडकी पानं मागितली. वुल्फने हजारो शब्द लिहून आणले. ते इतके सरस होते की संपादकाने मुकाट्याने सगळे ठेवले.

बैठका ठरलेल्या वेळी घ्याव्यात. 1934 मध्ये पर्किन्स आणि वुल्फ 'ऑफ टाइम अँड द रिव्हर' या दुसऱ्या कादंबरीसाठी रात्री साडेआठनंतर बसत, आठवड्यातल्या बहुतेक रात्री. अशी सवय कुणी लावून घेऊ नये. दिवसभर कचेरी करून रात्री एकाच बाडाशी झुंजणाऱ्या संपादकाची नजर बोथट होते आणि लेखक घरी जाऊन पहाटेपर्यंत पुन्हा वाढवत बसतो. दोन तासांची बैठक, 20 ते 25 पानं, आठवड्यातून दोनदा पुरे. झालेले निर्णय त्याच रात्री दोघांना ईमेलने. ज्या पानावर वीस मिनिटांत एकमत होत नाही त्यावर खूण करून पुढे जावं. पंधरा दिवसांनी त्यातल्या अर्ध्या खुणांवर भांडायचं काय होतं तेच आठवत नाही.

कापलेलं फेकू नये. 'कात्रण' नावाची एकच फाइल, प्रत्येक तुकड्यावर मूळ पान आणि तारीख. वुल्फचं मूळ बाड जपलं गेलं होतं, म्हणून 2000 साली 'ओ लॉस्ट' या मूळ नावाने ते न कापता छापता आलं आणि कात्री योग्य होती की नाही याचा निवाडा वाचकांना स्वतः करता आला.

कात्री लेखकाच्या संमतीशिवाय चालली तर काय होतं याचं उदाहरण अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर आणि त्यांचे संपादक गॉर्डन लिश यांचं. 1981 मध्ये आलेल्या कार्व्हर यांच्या कथासंग्रहात लिश यांनी निम्म्याच्या वर मजकूर छाटला, शेवट बदलले, शीर्षकंही बदलली. काम थांबवा अशी विनवणी करणारं पत्र कार्व्हर यांनी 8 जुलै 1980 ला लिहिलं. पुस्तक तरीही तसंच निघालं आणि गाजलंही. कार्व्हर यांनी नंतर त्यातल्या काही कथा लांब रूपात पुन्हा छापल्या. गाजलं म्हणून संपादक बरोबर ठरत नाही. मैत्री टिकवायची असेल तर प्रत्येक कापाकापीवर लेखकाची सही किंवा ईमेलवरचा होकार हवा, आणि तो गठ्ठ्याने एकदम नको, प्रकरणागणिक हवा.

'मी'चा 'तो' करताना

आत्मपर कादंबरीत संपादक हमखास सुचवतो तो बदल म्हणजे प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष. फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी 1918 मध्ये दोनदा परत गेली होती. पर्किन्स यांच्या सूचनेनंतर ती तृतीयपुरुषी होऊन 1920 मध्ये 'धिस साइड ऑफ पॅरडाइज' म्हणून आली. वुल्फच्या दुसऱ्या पुस्तकातही हा बदल झाला, पण अर्धवट. छापील प्रतीत कुठेकुठे 'मी' तसाच राहून गेला.

मराठीत ही चूक इंग्रजीपेक्षा सोपी आहे, म्हणून जरा खोलात जाऊ. 'मी' शोधून सरसकट 'तो' घातला तर 'मी दार उघडलं'चं 'तो दार उघडलं' होतं. तिथे 'त्याने' हवं. 'मी निघालो'मध्ये क्रियापदही बदलतं, 'तो निघाला'. 'मी जाईन'चं 'तो जाईल'. उलट 'मी जातो'मध्ये क्रियापद तेच राहतं, त्यामुळे कर्ता गाळलेल्या वाक्यांत ('सकाळी उठतो, चहा करतो') बदल झाला की नाही हे डोळ्यालाही कळत नाही. शिवाय 'मी'चा नुसता शोध घेतला की 'कमी', 'नेहमी', 'मीठ' सगळं समोर येतं. दोन्ही बाजूंना मोकळी जागा देऊन शोधावं, मग स्वल्पविराम आणि पूर्णविरामासह वेगळं. त्यानंतर 'मला', 'माझ', 'माझ्या', 'आम्ही', 'आमच', 'होतो' असे शब्द एकेक.

सगळ्यात फसवी जागा 'माझं'ची. 'मी माझं पुस्तक उचललं'चं 'त्याने त्याचं पुस्तक उचललं' केलं तर पुस्तक कुणाचं हा प्रश्न उरतो. 'त्याने आपलं पुस्तक उचललं' हे मराठी. शेवटी पूर्ण प्रकरण मोठ्याने वाचावं. संवादातले 'मी' मात्र जागेवरच राहायला हवेत. सरसकट बदलाने ते आधी मरतात.

प्रुफं

रचना पाहणारा संपादक आणि मुद्रितशोधक ही दोन माणसं असावीत. पर्किन्स यांचं शुद्धलेखन कच्चं होतं. 'धिस साइड ऑफ पॅरडाइज'ची पहिली आवृत्ती चुकांनी भरलेली निघाली आणि समीक्षकांनी त्यावरून टिंगल केली. आपल्या काळातला सगळ्यात नावाजलेला संपादक ऱ्हस्व-दीर्घात कच्चा होता, हे ऐकून काही मराठी संपादकांना दिलासा मिळेल, पण घेऊ नये.

प्रुफं तीन: पहिलं मुद्रितशोधकाकडे, दुसरं लेखकाकडे, तिसरं फक्त आधीच्या दुरुस्त्या झाल्या का ते पाहायला. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात 'ऱ्या', 'ॲ' आणि जोडाक्षरं तुटतात. ती पहिल्याच प्रुफात शोधायची. दुसऱ्या प्रुफात लेखकाला वाक्यं बदलता येतील, प्रसंग नाही, हे करारातच लिहावं, आणि ठरावीक मर्यादेनंतर दुरुस्तीचा खर्च कुणाचा तेही. प्रुफांवरच्या दुरुस्त्यांच्या खर्चाची आकारणी हे वुल्फ आणि स्क्रिब्नर्स यांच्यातल्या कुरबुरीचं एक खरंखुरं कारण होतं. आणि मुदत गेली तरी लेखक प्रुफं देत नसेल तर? वुल्फ शिकागोचं जागतिक प्रदर्शन पाहायला गेलेला असताना पर्किन्स यांनी त्याच्या दुसऱ्या कादंबरीचं बाड छपाईला धाडलं. पुस्तक त्यामुळे निघालं हे खरं, पण आपल्या हातून ते काढून घेतलं गेलं ही भावना वुल्फच्या मनातून गेली नाही. लेखी मुदत, एक वाढीव मुदत, आणि ती उलटल्यास काय होईल याचं वाक्य, एवढं आधी असेल तर ही वेळ येत नाही.

श्रेय, आणि कचेरीतल्या गप्पा

1935 मध्ये आलेली 'ऑफ टाइम अँड द रिव्हर' वुल्फने पर्किन्स यांना अर्पण केली, भरभरून शब्दांत. पर्किन्स यांना हे नको होतं आणि त्यांनी तसं सांगितलंही. पुस्तक लेखकाचंच असतं, संपादक त्यात काही भर घालत नाही, ही त्यांची ठाम भूमिका. पाठोपाठ वुल्फने 'द स्टोरी ऑफ अ नॉव्हेल'मध्ये संपादनाची सगळी हकिकत सांगितली. ते वाचून समीक्षक बर्नार्ड डीव्होटो यांनी 25 एप्रिल 1936 च्या 'सॅटर्डे रिव्ह्यू'त हल्ला चढवला: या लेखकाची पुस्तकं पर्किन्स आणि स्क्रिब्नर्सची जुळणी यंत्रणा बनवते. त्यानंतर वुल्फला आपण एकटे लिहू शकतो हे सिद्ध करावंसं वाटू लागलं, आणि ते पर्किन्स यांच्याबरोबर राहून शक्य नव्हतं. 1937 च्या अखेरीस तो हार्पर्स या प्रकाशनसंस्थेत संपादक एडवर्ड अ‍ॅस्वेल यांच्याकडे गेला.

म्हणून मनोगतात संपादकाचे आभार एका वाक्यात मानावेत. किती पानं कापली, कोणता शेवट कुणी सुचवला हे लिहू नये. प्रकाशन समारंभात संपादकाने बाडाच्या जाडीचे विनोद करू नयेत. सभागृह हसतं आणि लेखक घरी जाऊन ते मोजत बसतो. मौजेच्या श्री. पु. भागवतांसारखे संपादक लेखकांना किती काळजीपूर्वक पत्रं लिहीत हे मराठीत सर्वांना माहीत आहे. ती पत्रं त्या काळी लेखकाच्या कपाटात राहिली, यात त्यांचं निम्मं यश आहे.

दुसरी काळजी संपादकानेच घ्यायची. लेखकाला सहकाऱ्यांच्या गोष्टी सांगू नयेत, त्याच्यासाठी तो कच्चा माल असतो. पर्किन्स यांनी विश्वासाने सांगितलेल्या स्क्रिब्नर्समधल्या माणसांच्या गोष्टी वुल्फ कथेत वापरू लागला आणि त्यावरून दोघांत मोठा ताण आला. पर्किन्स स्वतःही सुटले नाहीत: वुल्फच्या 'यू कान्ट गो होम अगेन' या कादंबरीतला फॉक्सहॉल एडवर्ड्स तेच.

लेखक गेला तर

सात दिवसांत सगळं परत करावं: बाड, कात्रणांची फाइल, प्रसंगांची यादी, मुखपृष्ठाचे खर्डे. सोबत परत केलेल्या वस्तूंची यादी, तारखेसह, दोन प्रतींत. थकीत मानधनाचा हिशोब वेगळ्या पाकिटात, पत्रात मिसळू नये. पुढच्या संपादकाने फोन केला तर लेखकाच्या कामाच्या सवयी सांगाव्यात, स्वभावाच्या नाही.

पत्रव्यवहाराची प्रत दोघांनीही ठेवावी. पर्किन्स पत्रं सचिवाला सांगून टंकलिखित करून घेत, त्यामुळे प्रती कचेरीत राहत. स्क्रिब्नर्सचं दप्तर आज प्रिन्स्टन विद्यापीठात आहे आणि वुल्फची कागदपत्रं हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात. आपल्याकडे आता सगळं ईमेल आणि व्हॉट्सॲपवर असतं, तर दर महिन्याच्या शेवटी पीडीएफ करून बाडाच्याच फोल्डरमध्ये टाकावं, व्हॉइस मेसेजमधले निर्णय दोन ओळींत लिहून. आणि फोल्डर बंद करू नये. 12 ऑगस्ट 1938 ला सिअ‍ॅटलच्या इस्पितळातून आजारी वुल्फने शेवटचं पत्र लिहिलं ते पर्किन्स यांनाच. 15 सप्टेंबरला तो गेला, आणि मृत्युपत्राप्रमाणे त्याच्या साहित्याची व्यवस्था पाहण्याचं काम पर्किन्स यांच्याकडे आलं. हार्पर्ससाठी लिहिलेल्या बाडांचंही.